दोनशे चौदा मिलिमीटर पारा

आईच्या ताटात साडेतीन वडे होते, मटणाचे पाच तुकडे, वाटीभर रस्सा, कांद्याच्या चार चकत्या, लिंबाची एक फोड आणि भाताची मूद. मुदीला हात लागला नव्हता. शेजारच्या स्टीलच्या पेल्यात कोकमचं सरबत दोन बोटं उरलं होतं आणि बर्फाचा एक खडा अजून विरघळायचा होता. हे मी नंतर आठवून सांगत नाही. ताट मीच उचललं, म्हणून तेव्हाच मोजलं. पुढे लोकांनी "गोजरानं ताट ढकलला" असं सांगितलं, कुणी "उपडा कला" असंही. ताट उपडं झालं नव्हतं. चटईवर जिथे वाढलं होतं तिथेच होतं. आईने वड्याचा घास तोंडातून काढून मुठीत घेतला, ती मूठ छातीवर दाबली आणि ती मागच्या दाराने बाहेर गेली. झालं एवढंच.

तारीख ३ मे १९९७, शनिवार. गाव तळवली. माझा चुलतभाऊ हितेश याची हळद.

हळदीच्या दुपारी आमच्या घरात नवऱ्या मुलाच्या चुलतीला मानाचं ताट वाढतात. वाढते मुलाची आई, स्वतःच्या हाताने. चुलती जेवून उठेपर्यंत बाकीच्या बायका पानावर बसत नाहीत. हितेशदादाची चुलती म्हणजे माझी आई, गोजरा. वाढणारी म्हणजे तिची जाऊ सत्यभामा, जिला मी मोठी आय म्हणते. तिच्यामागे त्या दिवशी चाळीसेक बायका उभ्या होत्या.

मोठी आय आईच्या मागोमाग बाहेर आली. मी पण.

"गोजरा, काय झाला गो?"

आई विहिरीच्या कठड्याला टेकून वाकली होती. तोंडातून शब्द निघत नव्हता. तिने मान न उचलता मोकळा हात दोनदा हलवला.

"मना जा बोलतंस?" मोठी आय म्हणाली. "माज्या दारात उबी राहून मना जा बोलतंस?"

आईने पुन्हा हात हलवला. मोठी आय आत गेली. सहा-सात मिनिटांनी आईला बोलता आलं तेव्हा ऐकायला मी एकटीच होते.

"छातीन कोनतरी पिलतंय गो," ती म्हणाली. "कपडा पिलतात तसा."

आमच्याकडे माणूस रागावला की भांडायला येत नाही, तो तुमच्या घरचं पाणी सोडतो. बोलत नाही, सांगत नाही, फक्त तुमच्या दारात काही तोंडात घालत नाही, आणि सगळ्या गावाला कळतं. त्या वर्षी आमच्या दोन घरांत रागावण्यासारखं होतंही. खाडीकडची भातशेती नव्या शहरासाठी गेली होती आणि बदल्यात साडेबारा टक्क्यांच्या योजनेतला प्लॉट मिळायचा होता. कागदावर दोघा भावांची नावं लावायची की फक्त मोठ्याचं, यावरून माझे बाबा देवजी आणि मोठे बाबा नामदेव फेब्रुवारीपासून एकमेकांशी मोजकं बोलत होते. बायकांनी मात्र त्यात भाग घेतला नव्हता. सव्वीस वर्षं दोघी एकमेकींच्या चुलीवर वावरल्या होत्या. आईला ताप आला तर माझी वेणी मोठी आय घालायची. "भावांचा काय ते भाव बगतील, आपला आपन," असं त्या दोघींचं ठरलं होतं.

त्या ताटाने ते मोडलं. मानाचं ताट अर्ध्यावर टाकून, घास थुंकून, वर हाताने जा म्हणून सांगितलं याचा गावात एकच अर्थ होत होता. आईच्या मनात तो नव्हता, पण बाकी सगळ्यांनी तोच घेतला. बाबांनीसुद्धा. त्या संध्याकाळी ते आईला म्हणाले, "कलास ते बरा कलास. पन आदी मना सांगाचा व्हता."

"मी काय पन नाय कला," आई म्हणाली.

बाबा हसले.

मी रसायनशास्त्रातली बी.एस्सी. झालेली. तेव्हा ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत, येणाऱ्या मालाची शुद्धता तपासायचं काम करत होते. घरातली पहिली पदवीधर, म्हणजे सगळ्यांचे फॉर्म भरणारी. आईचं दुखणं मार्चपासून होतं, पण ती त्याला गॅस म्हणायची आणि ओवा खायची. हळदीनंतर मी वही केली. तारीख, वेळ, काय खाल्लं, किती गरम किंवा थंड, दुखणं किती मिनिटं. महिन्याभरात अकरा नोंदी झाल्या. अकरापैकी नऊ जेवताना किंवा पिताना. विहिरीवरून दोन हंडे आणताना एकही नाही. आमच्या माडीच्या सतरा पायऱ्या चढताना एकही नाही. पाच वेळा फ्रीजमधलं पाणी, दोनदा उकळता चहा.

फ्रीज आमच्याकडे आदल्या दिवाळीत आला होता. आमच्या घरात बाटलीला तोंड लावायचं नाही, उष्टी होते. मान मागे टाकायची, बाटली वर धरायची आणि धार सरळ घशात सोडायची. सगळे तसंच पितात, मीही. अंगणातून तापून आलेली आई अर्धी बाटली अशी एका दमात ओतून घ्यायची. घोट म्हणून तिला ठाऊकच नव्हता.

घणसोलीच्या डॉक्टरांनी आधी हृदय बघायला सांगितलं. ते बरोबरच होतं. छातीत दुखतंय म्हटल्यावर आधी तेच बघायला हवं. दोन ईसीजी काढले, वाशीला पट्ट्यावर चालवूनही तपासलं. हृदय चांगलं निघालं. ही बातमी मोठ्या आयकडे पोचायला एक दिवस लागला.

"डाक्टरनं सांगला ना, काय पन नाय हाय," ती नळावर चारचौघींत म्हणाली. "आता तरी नाटक बंद करावा."

मग मी आईला परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे आधी बेरियमचं पांढरं पाणी पाजून फोटो काढले. दुसऱ्या खेपेला नाकातून एक बारीक नळी पोटापर्यंत घातली. नळीवर ठरावीक अंतराने दाब मोजायची छिद्रं होती. आईने माझं मनगट धरलं होतं. तिथल्या बाईंनी पाच-पाच मिलिलिटर पाणी सिरिंजने तिच्या तोंडात सोडलं आणि दर वेळी "गिळा" म्हणाल्या. असं दहा वेळा. कागदावर सुया हलत होत्या. मी बघत होते. चांगल्या गिळण्यात वरची सुई आधी उठते, मग मधली, मग खालची. आईच्या चौथ्या गिळण्याला मधली आणि खालची एकदम उठल्या आणि खालची बराच वेळ उतरलीच नाही.

डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे. "अन्ननलिका म्हणजे स्नायूंची नळी. घास आला की ती वरून खाली ओळीने आवळत जाते आणि घास पुढे सरकतो. यांची मधेच सगळी एकदम आवळते. रात्री पायात गोळा येतो ना, मावशी? पिंढरीत?"

"येतो."

"तसाच गोळा, छातीत."

आईने माझ्याकडे पाहिलं. "पायान गोला येतो तसा?" ती म्हणाली. "मंग हे सगल्यांना सांगता येल."

तिला बरं होण्याबद्दल आधी विचारायचं सुचलं नाही. ते मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, जीवाला धोका नाही, पण पूर्ण जाईल असं सांगता येत नाही, ताब्यात ठेवता येईल. जेवणाआधी अर्धा तास एक गोळी, स्नायू सैल राहण्यासाठी. दुखणं आलंच तर दुसरी बारीक गोळी जिभेखाली, आणि ती घेताना बसून राहायचं, चक्कर येऊ शकते. फार थंड नाही, फार कढत नाही. लहान घास, नीट चावून. कोमट पाणी, घोट-घोट. "आणि टेन्शन घ्यायचं नाही," असंही ते म्हणाले, जसं सगळेच म्हणतात.

रिपोर्टात लिहिलं होतं: दहापैकी चार गिळण्यांत खालचा भाग एकाच वेळी आवळला, सर्वांत जास्त दाब दोनशे चौदा मिलिमीटर पारा. मी तो रिपोर्ट घेऊन दुसऱ्याच दिवशी मोठ्या आयकडे गेले. आई म्हणाली होती, "तू शिकलेली हायस, तू नीट सांगशील."

मोठी आय ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने बस म्हटलं नाही, पण उठही म्हटलं नाही. मी सगळं सांगितलं. नळी, सुया, पिंढरीतला गोळा. ती ऐकत होती. मधे तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"दोनशे चौदा म्हंजी किती?"

"एकशेऐंशीच्या वर गेला की जास्त धरतात."

"आन माज्या पोराच्या हलदीला किती व्हता?"

"तेव्हा मोजलं नव्हतं ना, मोठी आय."

"मंग?"

प्रयोगशाळेत मला कुणी हाच प्रश्न विचारला असता तर मी तो बरोबर मानला असता. तीन मेच्या दुपारी तिच्या घशाखाली काय दाब होता याचा माझ्याकडे आकडा नव्हता, आणि कधीच असणार नव्हता.

"कागद तर प्लॉटचे पन हायेत," मोठी आय म्हणाली. "तुज्या बापाला ते कलतात, मना नाय कलत. हा तुला कलतो. ठेव तुज्याकडंच."

मी निघाले तेव्हा तिने हाक मारली. "उन्नती." मी वळले. "ती जेवते का नीट?"

"आता थोडं थोडं."

"बारीक झालीय," ती म्हणाली आणि पुन्हा सुपात बघायला लागली. घरी आल्यावर आईला मी फक्त हे शेवटचं सांगितलं. आईने ते दोनदा सांगायला लावलं.

औषध चौदा जुलैपासून सुरू झालं. कारखान्यातल्या थर्मामीटरसारखा एक मी विकत आणला आणि पाणी चाळीस अंशांना ठेवायला लागले. बाटली बंद केली, आईसाठी वेगळा पेला ठेवला, तोंड लावून पिण्याचा. तिला त्याची लाज वाटायची. "तान्या पोरासारी पिते मी," ती म्हणायची. घास पेरूच्या फोडीएवढा असायचा, तो मी सुपारीएवढा करायला लावला. पहिल्या आठवड्यात दोनदा दुखलं, जिभेखालच्या गोळीने चार-पाच मिनिटांत थांबलं. दुसऱ्या आठवड्यात एकदा. मग नाही. फ्रीजचं पाणी देऊन पुन्हा दुखतं का, हे मला जाणून घ्यायचं होतं. पण ते मी केलं नाही. आईवर तसलं काही करून बघणं बरोबर नव्हतं. तसं मी तिला सांगितलंही: "थंड पाणी वरून प्यायलीस तर दुखणारच, सांगून ठेवते." ती हो म्हणाली.

त्याच दिवसांत, अठरा जुलैला, दोघा भावांनी प्लॉटच्या कागदांवर सह्या केल्या. दोघांची नावं लागली. मधे कुणीतरी पडलं होतं, काय ठरलं ते मला नीट माहीत नाही. बाबा पेढे घेऊन आले. मला या दोन तारखा शेजारी-शेजारी आहेत हे तेव्हाच दिसायला हवं होतं. चौदा आणि अठरा. मी रोज वहीत तारखा लिहीत होते.

गौरीच्या दिवशी मोठ्या बाबांकडून बोलावणं आलं. हितेशदादाच्या बायकोची, प्राचीवहिनीची, पहिलीच गौर होती. आईला वाढायचं ठरलं होतं, आणि वाढणार होती मोठी आय. मे महिन्यानंतर आई त्या घरात पहिल्यांदा जाणार होती. सकाळपासून तिने तीन लुगडी काढून ठेवली आणि पुन्हा घडी केली.

"तिनं वाढला की मी सगला खाणार," ती मला म्हणाली. "एक शीत ठेवणार नाय. मंग ती बोलंल."

बरोबर अर्धा तास आधी मी गोळी दिली. माझ्या पिशवीत थर्मासमध्ये कोमट पाणी होतं. आई लहान घास करून, चावून, पुढ्यातलं सगळं जेवली. दोन भाकऱ्या, वालाचं बिरडं, पालेभाजी, भात दोनदा, खीर. एकोणतीस मिनिटं लागली. एकदाही छातीला हात गेला नाही. मी समोर बसले होते आणि मला इतका आनंद झाला होता की मी तिचे घास मोजायचे सोडून दिले.

आईने रिकामं ताट थोडं पुढे सरकवलं. "झाला, बाय," ती म्हणाली. सव्वीस वर्षं ती मोठ्या आयला बाय म्हणत आली होती. "एक शीत नाय ठेवला."

मोठी आय उभी होती. हातात भाताचं भांडं तसंच होतं. तिने आधी ताटाकडे पाहिलं, मग आईकडे.

"बरी झालीस?"

"झाली, बाय."

"कवापासून?"

"जुलैपासून," मी म्हणाले. मीच म्हणाले. "चौदा तारखेपासून औषध—"

"जुलैन सही झाली," मोठी आय म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सही झाली, आन घसा मोकला झाला. बगा गो बायांनो. माज्या पोराच्या हलदीला वडा जात नव्हता, आता नाव लागला तं खीर पन जाते."

मागे कुणीतरी हसलं. शेजारची वासंती मावशी असावी. आई तशीच बसून होती. तिचा हात थर्मासच्या झाकणावर होता.

"बाय, मी तवा खरोखर—"

"तवा नाय गेला, आता गेला. दोनी खराच हाय," मोठी आय म्हणाली. "मी लबाड नाय बोलत तुला. तुजा घसा लय हुशार हाय, एवडाच बोलते."

घरी आल्यावर मी आईला समजावत राहिले. औषधाने बरं वाटलं यातूनच दुखणं खरं होतं हे सिद्ध होतं, असं मी म्हणाले. आई लुगडं बदलत होती.

"तुला सिद्ध झाला," ती म्हणाली. "मना पन झाला. तिला कुटं झाला?"

पुढचे तीन दिवस ती गोळी मागायला आली नाही. मी कामाला जाताना ठेवून जायची, ती घेतली असेल असं मी धरून चालले. आत्ता लिहिताना हे लक्षात येतं की वहीत त्या तीन दिवसांच्या रकान्यात मी न बघता खुणा केल्या आहेत.

चौथ्या दिवशी मला सुट्टी होती. जेवणं झाल्यावर आई चपला घालून निघाली.

"कुठे?"

"बायकडं. तू पन चल. घड्याल घाल."

मोठी आय ओट्यावर पापड वाळत घालत होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. आई सरळ आत गेली, फ्रीज उघडला आणि बाटली घेऊन बाहेर आली. लिटरची होती, काठोकाठ भरलेली, बाहेरून घाम सुटलेली.

"बाय, हितं बग," ती म्हणाली.

मी उठले. "आय, नको."

तिने मान मागे टाकली आणि बाटली वर धरली. धार सरळ घशात गेली, पूर्वीसारखी, एका दमात. मी हात धरला तेव्हा पाणी माझ्या कोपरावर सांडलं. तिने बाटली ओट्यावर ठेवली, नीट, झाकण लावून. मग थोडा वेळ काहीच झालं नाही आणि मोठी आय म्हणाली, "काय गो, तमाशा दाखवतंस?"

मग आईची मूठ छातीवर गेली.

ती खांबाला धरून खाली बसली. मान वाकली, जबडा आवळला, कपाळावर घाम आला. मी पिशवीतून जिभेखालची गोळी काढली आणि तिच्या ओठांशी नेली. तिने ओठ घट्ट मिटले. मी पुन्हा प्रयत्न केला तेव्हा तिने माझा हात बाजूला केला आणि डोळे मोठ्या आयवर ठेवले. बोलता येत नव्हतं. ती फक्त बघत होती.

मोठी आय हातात ओला पापड घेऊन उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता असं मला वाटलं, पण ऊन होतं, खात्रीने सांगता येत नाही. ती एक पाऊल पुढे आली.

"गोजरा," ती म्हणाली. आणि मग माझ्याकडे बघून, "हे तूच शिकवलास ना तिला? थंड पानी प्याला की असा व्हतो?"

"हो," मी म्हणाले. "पण ते—"

"मंग. तू सांगलास तसा कला तिनं."

तिने पापड कापडावर पसरला, त्याची कड बोटाने सरळ केली, पदराला हात पुसले.

दुखणं तीन वाजून बारा मिनिटांनी सुरू झालं आणि तीन पंचवीसला थांबलं, म्हणजे तेरा मिनिटं. बाटलीतलं पाणी तीनशे मिलिलिटरने कमी झालं होतं, सांडलेलं धरून. मोठी आय आत गेली तेव्हा चौथं मिनिट चालू होतं.